जमते आणि जमवते

पुण्याकडून यवतमाळात सून म्हणून आलेल्या मुलीची पहिली परीक्षा स्वयंपाकात होत नाही, शब्दात होते. "बाई, तेवढी खोली जमवून घे," असं सासूबाई म्हणतात आणि ती जागच्या जागी उभी राहते. तिच्या माहेरी माणसं जमतात, पैसे जमवतात, फार तर पोस्टाची तिकिटं जमवतात. खोली कशी जमवायची? आणि आहे ती एक काय कमी पडते? तेवढ्यात दुसरा हुकूम येतो, "तो गंज घासून फळीवर जमव." आता गंज घासून काढतात हे तिला माहीत असतं, पण काढलेला गंज फळीवर नीट मांडून ठेवणारं हे कुठलं घराणं, असा विचार तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसतो. आमच्याकडे गंज म्हणजे पातेलं, हे तिला संध्याकाळपर्यंत कळतं. जमवणे कळायला मात्र काही वर्षं जातात.

बाकीच्या महाराष्ट्रात खोली आवरतात, कपडे लावतात, पसारा उचलतात, भांडी मांडतात. आमच्याकडे ह्या सगळ्या कामांना मिळून एकच क्रियापद आहे. कपडे जमव, दप्तर जमव, चपला जमव, आलमारी जमव. हमाल ट्रकात पोती जमवतो, दुकानदार दुकान जमवतो, आणि लेक माहेरून निघाली की आई तिची पेटी जमवून देते. शुद्ध भाषेचे कैवारी म्हणतात, हा हिंदीचा परिणाम, तिकडे 'सामान जमाना' म्हणतात ते तुम्ही उचललं. उचललं असेल. १९५६ पर्यंत आमची राजधानी नागपूर होती आणि प्रांतातला अर्धा कारभार हिंदी मुलखाचा होता. पन्नासेक वर्षं एका खोलीत राहिल्यावर कोणाचा टॉवेल कोणता हे कोण सांगणार? शिवाय 'जमा' हा शब्द मुळात अरबी. हिंदीनेही तो त्याच दुकानातून उधार आणला आणि आपणही. उधारीच्या मालावर मालकी सांगत भांडायला वेळ आहे कोणाला? घर जमवायचं पडलं आहे.

खरी गंमत शब्दाच्या कुळात नाही, व्याकरणात आहे. शाळेत आपण शिकलो: बाळ हसते, आई बाळाला हसवते. पहिलं साधं क्रियापद, दुसरं प्रयोजक. बाळाला हसायला काही करावं लागत नाही, आईला मात्र खुळखुळा वाजवून हात दुखेपर्यंत नाचावं लागतं. तसंच जमणे आणि जमवणे. 'जमते' म्हणजे आपोआप होते. 'जमवते' म्हणजे कोणीतरी करते तेव्हा होते. एकाच धातूच्या ह्या दोन रूपांची आमच्या घराघरांत रीतसर वाटणी झालेली आहे. 'जमते' हे पुरुषांकडे आहे, 'जमवते' बायकांकडे.

"पाहुणे यायचे आहेत, बारा माणसं कुठं निजतीन?" आई विचारते. बाबा पेपरातून मान न काढता सांगतात, "जमून जाते." आणि नवल म्हणजे जमतंही! रात्री बारा माणसं निजलेली असतात. गाद्या पुरलेल्या असतात, कोणाच्या तरी उशाला चादरीची घडी असते, पाण्याचा तांब्या झाकलेला असतो. सकाळी बाबा पाहुण्यांना म्हणतात, "हिला मी सांगतच होतो, जमून जाते म्हणून." ह्या वाक्याचा कर्ता व्याकरणाच्या पुस्तकात सापडत नाही. तो त्या वेळी स्वयंपाकघरात बारा जणांच्या पोह्यांची तयारी करत असतो.

पुरुष 'जमवणे' अजिबात वापरत नाहीत असं नाही. आज्ञार्थी वापरतात. "हे इथं काहून ठेवलं? जमवून ठेवत जा न." भविष्यकाळीही वापरतात: "जमवतो न मी, रविवारी जमवतो." वर्तमानकाळी, प्रथमपुरुषी, एकवचनी 'मी आत्ता जमवतो आहे' हे रूप मात्र आमच्या भागात पुरुषाच्या तोंडून क्वचितच ऐकू येतं. आलं तर समजावं, बायको माहेरी गेली आहे आणि उद्या परत येते आहे.

ह्या क्रियापदाला आमच्याकडे ऋतू आहेत. पहिला हंगाम होळीनंतर येतो, कूलरचा.

विदर्भाबाहेरच्या वाचकाला कूलर ही वस्तू समजावून सांगितली पाहिजे. पत्र्याची मोठी पेटी, तिच्यात पुढे पंखा, तळाशी पाण्याची टाकी, तीन बाजूंना वाळ्याच्या नाहीतर लाकडाच्या भुशाच्या ताट्या. पंप पाणी वर चढवतो, ते ताट्यांवरून झिरपतं, पंखा त्यातून हवा ओढतो. पारा ४३-४४ला गेला की माणसाची सारी श्रद्धा ह्या पेटीवर बसते. वर्षातले आठ महिने ती मागच्या छपरीत पोत्याखाली असते आणि तिच्यात उंदरांचा संसार जमलेला असतो. (आपोआप जमलेला. जमवलेला नव्हे.) ती बाहेर काढायची, पत्र्याला धरलेला गंज घासायचा, हा मात्र पुणेरी गंज, नव्या ताट्या बसवायच्या आणि चौघांनी मिळून ती खिडकीत चढवायची.

कूलर खिडकीत बसला की खोलीचा भूगोल बदलतो. पूर्व-पश्चिम-दक्षिण-उत्तर ह्या चार दिशा रद्द होतात आणि दोनच उरतात: कूलरच्या सामोर आणि कूलरच्या आड. दक्षिणेकडे पाय करून निजू नये म्हणून अकरा महिने जागरूक असलेल्या आजीबाई मे महिन्यात यमाला सरळ पायाशी घेतात. हवा येते ना, मग झालं. कूलरच्या थेट सामोर कोण निजणार, ह्यावरून घरातली खरी उतरंड कळते. मान आजोबांचा, म्हणून बाज त्यांची सामोर. पण आजोबांना थेट हवेने कान दुखतात, म्हणून ते ४४ अंशांत कानाला मफलर गुंडाळून, मानाने कुडकुडत निजतात. जागा सोडत नाहीत. एकदा सोडली की परत मिळत नाही, हे त्यांनी आयुष्यभर शेताच्या धुऱ्यावरून भांडून शिकलेलं असतं.

आता आजोबांच्या बाजेला जागा करायची तर दिवाण हलवला पाहिजे. दिवाण ही पेटीवजा पलंगाची जात. त्याच्या पोटात हिवाळ्याच्या रजया, पितळेची भांडी, लग्नाचे अल्बम आणि कोणी दिलेला, कोणाला तरी द्यायचा राहिलेला डिनर सेट असतो. भरलेला दिवाण जागचा हलत नाही. म्हणून तो रिकामा करायचा. रिकामा केला की आतलं सामान आलमारीवर जमवायचं. आलमारीच्या वरती आधीच दोन सुटकेसा आहेत, त्या खाली काढायच्या. सुटकेसा उघडल्याशिवाय खाली ठेवता येत नाहीत, असा काहीतरी नियम आहे. त्या उघडतात. त्यात आईची जुनी पातळं निघतात आणि आई त्यांच्याजवळ बसते. मग अर्धा तास काम थांबतं. "हे तुझ्या बारशाचं," असं आई सांगते. बाबा दाराशी येऊन बघतात आणि म्हणतात, "अजून नाही जमलं?"

आलमारी सरकवली की तिच्याखालून जे निघतं त्याचा पंचनामा हा स्वतंत्र कार्यक्रम असतो. चार आण्यांचं नाणं, खडूचा तुकडा, एक कानातलं (जोडीचं दुसरं गेल्या साली हरवलं समजून सोनाराला देऊन टाकलेलं), लाइटचं भरलेलं बिल, लाइटचं न भरलेलं बिल. आणि मग सगळं सरकवून, घाम पुसून, दिवाण नव्या जागी आणला की लक्षात येतं: बोर्ड तिकडे आहे.

बोर्ड म्हणजे विजेचा. घर बांधताना इलेक्ट्रिशियनने ज्या भिंतीवर तो ठोकला, त्या भिंतीने पुढच्या दोन पिढ्यांचं भवितव्य ठरवलेलं असतं. टीव्ही, फ्रीज, कूलर, मोबाइलचे चार्जर, सगळ्यांना त्याच्या आजूबाजूलाच राहावं लागतं. माणसं आपल्याला वाटतं तिथे बसत नाहीत, वायर पोचते तिथे बसतात. राज्यघटनेत दुरुस्ती होते, बोर्डात होत नाही. "एक पॉइंट तिकडं काढून घेऊ," हे वाक्य प्रत्येक घरात दर उन्हाळ्यात उच्चारलं जातं आणि रविवारी जमवतो ह्याच्या शेजारी जाऊन बसतं. शेवटी एक्स्टेंशनची वायर दारातून आडवी टाकतात आणि पावसाळा येईपर्यंत घरातला प्रत्येक जण तिला एकदा तरी अडखळून पडतो. जावई पडला तर वायर चटईखाली जाते.

मृगात कूलर उतरतो आणि त्याच्या जागी खताची पोती येतात. त्या जमवाजमवीबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. पोती छपरीत येतात, वास घरात येतो, आणि पेरणी झाली की पोती जातात आणि वास राहतो.

मोठा हंगाम त्यानंतरचा, कापसाचा. शहरातल्या माणसाला वाटतं शेतकऱ्याचा माल शेतातून बाजारात जातो. आमच्याकडे तो आधी घरात येतो, आणि घरातली माणसं बाहेर जातात. दिवाळीच्या अलीकडे-पलीकडे शेतात सीतादहीची पूजा होते, दहीभात दाखवला जातो, बायका पहिला वेचा सुरू करतात आणि गाठोडी घरी यायला लागतात. राळेगाव, कळंब, घाटंजी, पांढरकवडा, कुठल्याही तालुक्यातल्या कास्तकाराच्या घरी डिसेंबरात जाऊन पाहावं. मधल्या खोलीचं दार उघडलं की आतून पांढरी भिंत सामोरी येते. ती भिंत नसते, कापूस असतो.

कापूस ही वजनाला हलकी आणि जागेला भयंकर भारी वस्तू. जिनिंगमध्ये साधारण ५ क्विंटल कापसातून सरकी वेगळी काढतात आणि उरलेली रुई दाबून १७० किलोची एक गाठ बांधतात. घरी दाबायला प्रेस नसते. घरी पोट्टे असतात. त्यांना कापसावर सोडून द्यायचं. एरवी 'उड्या मारू नको' म्हणून दिवसभर ओरडणारी माय त्या आठवड्यात 'तिकडच्या कोपऱ्यात मार, तिकडं फुगलं हाये' असं मार्गदर्शन करते. पोट्ट्यांना हा सण दिवाळीपेक्षा मोठा वाटतो. कापूस दबतो, पोट्टे दमतात, आणि दुसऱ्या दिवशी नवी गाठोडी येतात.

मग घराची खरी जमवाजमव सुरू होते. मधल्या खोलीतली आलमारी छपरीत. छपरीतली सायकल वट्ट्यावर. वट्ट्यावरची बाज अंगणात. बाजेवरचे आजोबा ज्या घरी कापूस नाही अशा शेजाऱ्याकडे. देवघर खोलीतच असेल तर मोठा धर्मप्रश्न उभा राहतो, कारण कापसाच्या खोलीत दिवा चालत नाही, उदबत्ती चालत नाही, बिडी तर नाहीच नाही. देवांना हात जोडून सांगतात आणि फळीसकट स्वयंपाकघरात हलवतात. तिथे फोडणीच्या ठसक्यात ते फेब्रुवारीपर्यंत राहतात. नवस बोलायला आलेल्या माणसाला डाळीचा डबा बाजूला सारून बोलावा लागतो. पाहुणा आला तर त्याला कापसावरच बसवतात. बसताना त्याला फार बरं वाटतं. उठताना त्याचं त्यालाच हसू येतं, कारण काळ्या पँटचा रंग कोणता होता हे आता शोधावं लागणार असतं.

एवढं करून कापूस घरात कशाला ठेवायचा? भावासाठी. "थांब थोडं, भाव वाढन." ह्या एका वाक्यावर आमच्याकडे खोल्याच्या खोल्या उभ्या असतात. २०२१-२२च्या हंगामात भाव क्विंटलला १०,००० रुपयांच्या वर गेला आणि ज्यांनी दिवाळीतच विकला होता ते हळहळले. पुढच्या साली सगळे शहाणे झाले आणि सगळ्यांनी कापूस घरात जमवला. भाव मात्र जमणे आणि जमवणे ह्यांतला फरक ओळखून होता. तो आपल्या मनाने खाली खाली येत गेला. लोक थांबले. होळी झाली, कूलर काढायची वेळ झाली. कूलरच्या खिडकीपुढे कापूस, कापसात बारीक किडे, आणि घरातल्या प्रत्येकाच्या अंगाला खाज. भावाची चर्चा आणि खाजवणं ही दोन्ही कामं त्या उन्हाळ्यात गावोगाव एकाच वेळी चालली होती. त्यात कापूस वाळून वजनाला घटतो. म्हणजे तुम्ही थांबता भावासाठी आणि तो तुमच्यामागे चोरून हलका होत असतो. हमीभाव असतोच: २०२४-२५ला लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ७,५२१ रुपये. पण त्यासाठी कापसातली ओल ठरल्याप्रमाणे पाहिजे, खरेदी केंद्र उघडं पाहिजे आणि ग्रेडरला कापूस आवडला पाहिजे. यांतलं तिसरं सगळ्यांत अवघड. तिथे मुलगी दाखवण्याचा सराव कामी येतो.

म्हातारी माणसं सांगतात, आमच्या वेळी असं नव्हतं. १९७२मध्ये राज्याने कापूस एकाधिकार खरेदी योजना आणली, आणि कापूस सरकारलाच द्यायचा असं ठरलं. तेव्हा कापूस घरात थांबत नसे, रस्त्यावर थांबत असे. केंद्रापुढे बैलगाड्यांची रांग लागायची आणि माणसं गाडीखालीच संसार मांडायची. शिदोरी तिथे, झोप तिथे, सोयरिकीच्या गोष्टीही तिथेच. कापूस दिल्यावर चुकारा कधी हातात पडेल हे कोणी सांगत नसे. विचारलं तर केंद्रावरचा बाबू म्हणायचा, "जमते न, कायले घाई करता?" पुरुषी क्रियापद सरकारनेही किती पूर्वीपासून आत्मसात केलं होतं पाहा.

पण नकाशाच्या बाबतीत सरकार प्रयोजक वापरतं आणि सढळ हाताने वापरतं. आमचा जिल्हा हाच मुळी जमवलेला आहे. 'ऐने अकबरी'त 'यौत-लोहारा' असा परगणा येतो. यौत म्हणजे यवत आणि लोहारा हे शेजारचं गाव, जे आता शहराला चिकटलं आहे. परगण्याचं गाव म्हणून यवताला महाल लागला आणि यवतमहालाचं यवतमाळ झालं. १८५३ला निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. इंग्रज शिस्तीचा माणूस. पुढे त्याने आलमारी उघडली आणि दोन कप्पे केले, पूर्व वऱ्हाड अमरावतीला आणि पश्चिम वऱ्हाड अकोल्याला. पूर्वेचा कप्पा फुगला म्हणून १८६४ला त्यातून आम्हाला बाहेर काढलं आणि आग्नेय वऱ्हाड असं नाव दिलं. ते लांबलं म्हणून वणी जिल्हा म्हणू लागले. नाव वणीचं आणि कचेरी यवतमाळात, अशी चपला एकीकडे आणि पाय दुसरीकडे असली व्यवस्था ४० वर्षं चालली. १९०५ला पुन्हा दिवाण हलवला: वाशीम जिल्हा मोडला, त्यातलं पुसद आमच्याकडे सरकवलं, बाकीचं अकोल्याच्या अंगावर टाकलं, आणि नाव एकदाचं यवतमाळ केलं. १९५६ला आम्ही नागपूरच्या खोलीतून उठून मुंबईच्या खोलीत आलो, १९६०ला खोलीचं नाव महाराष्ट्र झालं.

वाशीम १९९८ला पुन्हा जिल्हा झाला. आता नीट विचार करा. मोडलेल्या घराचं सामान शेजाऱ्याकडे ठेवायला दिलं होतं, ते ९३ वर्षांनी घर परत उभं राहिलं तर सामान परत नको का द्यायला? पण पुसद आमच्याकडेच राहिलं. कोणी मागितलं नाही आणि आम्ही काढून दिलं नाही. पुसदकरांचं म्हणणं तिसरंच: आम्हाला वाशीमही नको आणि यवतमाळही नको, आमचा वेगळा जिल्हा करा. वसंतराव नाईक आणि सुधाकरराव नाईक असे दोन मुख्यमंत्री दिलेलं गाव ते, मागणीत वजन आहेच. "होइन न, जमन," असं त्यांना प्रत्येक निवडणुकीत सांगितलं जातं. जमन. जमवू असं कोणी म्हणत नाही, हे व्याकरणाकडे लक्ष असलेल्या पुसदकराच्या नजरेतून सुटलेलं नाही.

निवडणुकीचं तर विचारूच नका. मतदारसंघांची नव्याने आखणी झाली आणि २००९च्या लोकसभेला आमचा जिल्हा तीन ठिकाणी जमवून ठेवलेला सापडला. वणी आणि आर्णी चंद्रपूर मतदारसंघात. उमरखेड हिंगोलीत. आणि उरलेलं यवतमाळ वाशीमच्या जोडीने यवतमाळ-वाशीम. म्हणजे १९०५ला ज्याला मोडून आम्ही घर भरलं त्याच्याच मांडीला मांडी लावून आता मत द्यायचं. आर्णीच्या माणसाची कलेक्टर कचेरी यवतमाळात, खासदार चंद्रपूरचा. तक्रार घेऊन कुठल्या दिशेने निघायचं हे त्याला बसस्टँडवर उभं राहून ठरवावं लागतं. एकानं मला त्याचं सोपं उत्तर सांगितलं होतं: "जे बस आधी लागन, ते आपली."

ह्या जिल्ह्यात क्रियापदाला न जुमानता स्वतःच निघून गेलेला एकच प्राणी मला माहीत आहे. पांढरकवड्याच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ. गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून त्याचा प्रवास नोंदला गेला. २०१९च्या पावसाळ्याच्या तोंडाशी तो निघाला, तेलंगणात आदिलाबादकडे डोकावून आला, जिल्ह्यामागून जिल्हे ओलांडत १,३०० किलोमीटरहून जास्त चालला आणि डिसेंबरात बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. का निघाला? जाणकारांच्या मते जागेसाठी आणि जोडीदारणीसाठी. जागा मिळाली. दुसरं मिळालं नाही, कारण ज्ञानगंगेत वाघीण नव्हती. मग तिथे एखादी आणून सोडावी का, यावर वन खात्यात चर्चा झाली. म्हणजे एवढं स्वतःच्या पायावर चालून गेलेल्या वाघाचंही शेवटी चार वडीलधाऱ्यांनी बसून जमवावं की नाही, असाच विषय निघाला. वऱ्हाडचं पाणी!

कारण जमवणे ह्या क्रियापदाचा सर्वोच्च उपयोग लग्नात आहे, आणि इथे अख्खा महाराष्ट्र आमच्याशी सहमत आहे. लग्न आवरत नाहीत, लग्न लावतात ते भटजी, मांडत नाहीत. लग्न जमवतात. आणि ते जमवायला आधी घर जमवावं लागतं. मुलाकडचे येणार म्हटल्यावर घरातलं जे जे खरं आहे ते सगळं आतल्या खोलीत कोंबतात आणि दार लावून घेतात. बाहेरच्या खोलीत उरतो एक सोफा, एक फुलदाणी आणि टीव्हीवर घातलेलं भरतकामाचं झाकण. मुलाकडच्यांपैकी एक मावशी असतेच जी 'बाथरूम कुठं हाये बापा' म्हणत नेमकं तेच दार उघडते. आतून दोन उशा आणि एक तिरकं झालेलं टेबल बाहेर डोकावतं. मावशी दार हळूच लावते आणि काही बोलत नाही. तिच्याही घरी तशीच खोली आहे. निम्मी लग्नं आमच्याकडे त्या समजूतदारपणावर जमतात.

कापूस विकला, पैसा आला, तिथी निघाली, लग्न लागलं. आणि मग आंदण येतं. आम्हाला काही नको, मुलगी द्या, असं मुलाकडच्यांनी चारचौघांत सांगितलेलं असतं. आम्हीही काही देत नाही, लेकीच्या हौसेचं आहे, असं मुलीकडच्यांनी सांगितलेलं असतं. त्या हौसेचा टेम्पो भर उन्हात दारापुढे उभा राहतो. एक आलमारी, एक दिवाण, एक ड्रेसिंग टेबल, एक कूलर. नवरदेवाच्या घरी आलमारी आहे, दिवाण आहे, कूलर कालच खिडकीत चढवला आहे आणि वायर चटईखाली घातली आहे. हमाल आलमारी उतरवून दारापर्यंत आणतात. आडवी करून पाहतात, उभी करून पाहतात, तिरपी करून पाहतात. सोयरे मंडळी सल्ले देतात. आजोबा आपली बाज धरून बसतात. नवी सून डोक्यावरचा पदर सांभाळत आत काय काय हलवावं लागेल याचा अंदाज घेते, आणि तिचं लक्ष सर्वांत आधी कुठे जातं, तर बोर्डाकडे.

"भाऊ, कुठी ठेवाची?" आलमारीखालून हमालाचा आवाज येतो.

"आण न आत," मांडवातून सासरेबुवा सांगतात, "जमून जाते."

सासूबाई आणि सून एकमेकींकडे पाहतात. मग सासूबाई पदर खोचतात आणि सुनेला म्हणतात, "चल बाई. तू तिकडून धर."